किडनी, कूस आणि काळवेळ

किडनीचा जुनाट आजार असलेल्या तरुण बाईला मुलाविषयी आपल्याकडे दोनच उत्तरे मिळतात. दवाखान्यात सांगतात, ‘मुलाचा विचार डोक्यातून काढून टाका.’ घरी सांगतात, ‘एकदा मूल झालं की सगळं मार्गी लागेल.’ पहिले उत्तर पन्नास-साठ वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. आज ते सरसकट देणे हा आळस आहे. दुसरे कधीच खरे नव्हते. या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत गेल्या काही दशकांत भरपूर काम झाले आहे. आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आईला किती धोका आणि बाळाला किती, कोणती गोळी बंद करायची आणि कोणती काही झाले तरी चालू ठेवायची, डायलिसिसवर असताना दिवस राहिले तर काय, किडनी बदलल्यावर किती थांबायचे, यांची बरीचशी उत्तरे आता आकड्यांत देता येतात. हा आढावा त्यांचा. माझे मत आधीच सांगून टाकते: ‘मूल होऊ द्यावे का’ यापेक्षा ‘कधी’ हा प्रश्न मोठा आहे, तो दिवस राहण्याआधी विचारायचा असतो, आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच तो कुणी विचारत नाही. किडनीच्या डॉक्टरांना वाटते ते गायनॅकचे काम. गायनॅककडे बाई पोचते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

२०१८ साली जागतिक किडनी दिन आणि महिला दिन एकाच तारखेला, ८ मार्चला आले. त्या निमित्ताने स्त्रियांच्या किडनीविकाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले. जगभरात साडेएकोणीस कोटी स्त्रियांना हा आजार आहे आणि दरवर्षी सुमारे सहा लाख स्त्रिया त्याने दगावतात, हे आकडे तेव्हा मांडले गेले. जुनाट किडनीविकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो, पण डायलिसिसच्या खुर्च्यांवर पुरुष जास्त दिसतात. बायकांत आजार संथ गतीने पुढे सरकतो हे त्याचे एक कारण. दुसरे कारण सांगायला डॉक्टर लागत नाही.

आजार कळण्यापासूनच घोळ सुरू होतो. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२ आले आहे आणि शेजारच्या छापील रकान्यात ते ‘नॉर्मल’मध्ये बसते आहे, असे समजू. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. बाईचे स्नायू कमी, म्हणून तिच्या रक्तात ते मुळातच कमी असायला हवे. हाच १.२ आकडा अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाचा असेल, तर हल्ली वापरात असलेल्या सूत्राने त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ८४ मिलिलीटर येते. त्याच वयाच्या बाईची येते ६३. म्हणजे तो ठीक आहे आणि तिची जवळजवळ एकतृतीयांश क्षमता गेलेली असू शकते. कागद दोघांनाही सारखीच ग्वाही देतो. पंचेचाळीस किलोच्या, अंगाने काटक असलेल्या बाईच्या बाबतीत तर हा कागद आणखीच फसवा.

दिवस राहिले की हिशेब पुन्हा बदलतो. गरोदरपणात किडनीतून वाहणारे रक्त वाढते आणि गाळण्याचा वेग जवळजवळ दीडपट होतो. ही वाढ पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होते. किडनीची लांबीही सेंटिमीटरभर वाढते. त्यामुळे निरोगी गरोदर बाईचे क्रिएटिनिन ०.४ ते ०.८ इतके खाली उतरते. सहाव्या महिन्यात ते १.० दिसले, तर ते समाधानाचे लक्षण नव्हे. आणखी तपासण्या हव्यात. नेहमीची सूत्रे या काळात लागूच पडत नाहीत, हे रिपोर्टवर कुठेही लिहिलेले नसते. लघवीतल्या प्रथिनांचेही तसेच. प्रसूतीपूर्व तपासणीत लघवीत पट्टी बुडवून ‘अल्ब्युमिन’ पाहतात आणि कार्डावर त्याची नोंद होते. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिने जाण्याचा विकार, साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतरच डोके वर काढतो. अल्ब्युमिन दहाव्या-बाराव्या आठवड्यातच सापडले, तर ती किडनी बहुधा आधीपासून आजारी आहे. त्या नोंदीकडे कुणी नीट पाहिले, तर कित्येक बायकांचा वर्षानुवर्षे लपलेला आजार पहिल्या बाळंतपणातच पकडता येतो. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते, ती या कामाला अगदी योग्य जागा आहे. फक्त पहिली भेट वेळेत व्हायला हवी.

आता दिवस राहण्याविषयी. गाळण्याच्या क्षमतेवरून या आजाराचे पाच टप्पे पाडतात. तो पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात असेल तर मूल होण्याच्या क्षमतेवर फारसा परिणाम होत नाही, आणि ही गोष्ट रुग्णांना बहुधा सांगितलीच जात नाही. क्षमता घटते ती पुढे. किडनी थकत गेली की पाळी लांबते, अनियमित होते, शेवटी थांबते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक साठत जाते, मेंदूकडून बीजकोशाला जाणारा महिन्याचा इशारा विस्कटतो आणि बीज बाहेर पडत नाही. त्यात रक्त कमी, थकवा, नैराश्य, शरीरसंबंधाची इच्छा उरलेली नाही. डायलिसिसवरच्या बायकांत रजोनिवृत्ती चार-पाच वर्षे आधी येते. काहींच्या बाबतीत नुकसान औषधाने होते: ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात, किडनी वाचवण्यासाठी दिले जाणारे सायक्लोफॉस्फमाइड बीजकोशातली बीजे मारते, आणि एकूण डोस जितका मोठा व वय जितके जास्त, तितके ते नुकसान मोठे. तरुण मुलीला हे औषध सुरू करण्यापूर्वी तिच्याशी या विषयावर बोलणे हा उपचाराचाच भाग आहे. पर्यायी औषधे आता आहेत.

पण ‘पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत’ हा समज घातक आहे. डायलिसिसवरही क्वचित बीज सुटते. दिवस राहिलेच तर ते कळायला उशीर होतो, कारण सगळ्या खुणा आजाराच्याच वाटतात. मळमळ? ती युरियाची असेल. पाळी चुकली? ती येतच कुठे होती? घरच्या घरी तपासायचे किट इथे कुचकामी, कारण अनेकींना लघवीच होत नाही. रक्तातल्या बीटा-एचसीजीची चाचणी करावी, तर किडनी निकामी असताना दिवस नसतानाही ते थोडे वाढलेले सापडू शकते. शेवटी सोनोग्राफीच खरे काय ते सांगते, आणि तोवर तीन-चार महिने उलटलेले असतात. त्या काळात पोटात गेलेल्या गोळ्यांचा हिशेब मग मागाहून करत बसावे लागते.

गोळ्यांचा विषय इथेच घ्यायला हवा, कारण टाळता येण्याजोगे सर्वात जास्त नुकसान इथे होते. लघवीतली प्रथिने रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या किडनी टिकवतात. पण चौथ्या महिन्यानंतर चालू राहिल्या तर त्या बाळाच्याच किडनीवर घाला घालतात. गर्भजल आटते, फुप्फुसे वाढत नाहीत. मायकोफिनोलेट हे प्रत्यारोपणानंतर आणि ल्युपसमध्ये सर्रास दिले जाणारे औषध. त्याने गर्भपात होतो, बाळाच्या कानात, ओठ-टाळूत व्यंग येऊ शकते. दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते बदलून ॲझाथायोप्रिन सुरू करतात. याच्या उलट, टॅक्रोलिमस, प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन आणि ल्युपससाठीचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे गरोदरपणात चालतात, चालू ठेवावीच लागतात. बीपीसाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा आहेत. प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात.

व्यवहारात दोन प्रकारचा अनर्थ होतो. एक, घातक गोळी कुणी बदलत नाही, कारण मूल हवे आहे का हे ओपीडीत कुणी विचारलेलेच नसते. दुसरा जास्त आपला आहे: दिवस राहिल्याचे कळताच सासू किंवा आई म्हणते, ‘आता या गरम गोळ्या नकोत’, आणि बाई सगळ्याच गोळ्या बंद करते. बदललेली किडनी अशा वेळी आठवड्यांत नाकारली जाऊ शकते. लग्नात आजार झाकून ठेवला असेल, तर गोळ्यांची पाकिटे कपाटात लपवत ठरलेल्या वेळी औषध घेणे किती अवघड, याची कल्पना करता येईल.

ल्युपसचा उल्लेख वारंवार येतो आहे, कारण तो मुख्यतः मूल होण्याच्या वयातल्या बायकांचाच आजार आहे. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया. इथे नियम साधा आहे. आजार किमान सहा महिने शांत असेल तर पुढे जावे, पेटलेला असेल तर थांबावे. अँटी-रो प्रतिपिंडे असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके विशेष तपासावे लागतात, आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतील तर रक्त पातळ करणारी इंजेक्शने द्यावी लागतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या किती बायकांना ‘दोष’ चिकटवला गेला आणि किती जणींची ही रक्ततपासणी झाली, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

सगळ्यात कठीण पेच मधल्या टप्प्यातल्या बाईचा. वय तीस, क्रिएटिनिन १.९, लघवीतून रोज दीड ग्रॅम प्रथिने जातात, बीपी दोन गोळ्यांवर. आता मूल होऊ द्यावे, तर राहिलेली किडनी पणाला लागते. थांबावे, तर पुढची वाट डायलिसिस, मग प्रत्यारोपणाची प्रतीक्षा, मग प्रत्यारोपणानंतरचे वर्ष. तोवर वय अडतीस-चाळीस. कोणते चूक ठरेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही, पण काही अंदाज देता येतात. १९९६ मध्ये अमेरिकेत जोन्स आणि हेस्लेट यांनी क्रिएटिनिन १.४ किंवा त्याहून जास्त असलेल्या ६७ स्त्रियांच्या ८२ गरोदरपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातली ९३ बाळे जगली, पण ५९ टक्के बाळंतपणे दिवस भरण्याआधी झाली आणि ३७ टक्के बाळांची वाढ खुंटलेली होती. क्रिएटिनिन २.०च्या पुढे असलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश जणींची किडनी झपाट्याने खालावली. इटलीतल्या २००७ च्या अभ्यासाने दाखवले की गाळण्याची क्षमता ४०च्या खाली आणि प्रथिने दिवसाला एक ग्रॅमच्या वर, अशी दोन्ही संकटे एकत्र आली की आईची किडनी वेगाने घसरते; एकट्या एकाने तितकी नाही. ब्रिटनमधल्या २०२१ च्या अभ्यासात तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या जवळजवळ सर्व गरोदर स्त्रियांना जिवंत बाळे झाली. मात्र किडनीची जी झीज झाली, ती तिसऱ्या टप्प्यात आजाराच्या सुमारे दोन वर्षांएवढी आणि चौथ्या-पाचव्या टप्प्यात जवळजवळ पाच वर्षांएवढी होती.

हा शेवटचा आकडा मला सर्वात उपयोगाचा वाटतो, कारण तो बाईला कळेल अशा भाषेत आहे. ‘हाय रिस्क’ म्हटल्याने काही बोध होत नाही. ‘डायलिसिस जे कधीतरी लागणार होते, ते दोन वर्षे आधी लागू शकेल’ असे म्हटले की ती, तिचा नवरा, तिची आई बसून विचार करू शकतात. काही जणी दोन वर्षे द्यायला तयार होतील, काही होणार नाहीत. दोन्ही निर्णय शहाण्यांचे असू शकतात. या निर्णयावर बाहेरच्यांनी, मग ते पांढऱ्या कोटातले असोत की देवघरातले, शिक्का मारण्याचे कारण नाही.

पहिल्या टप्प्यातल्या बायकांना मात्र उगाच घाबरवू नये, आणि गाफीलही ठेवू नये. इटलीतच तुरीन आणि काल्यारी इथल्या पाचशेहून अधिक गरोदरपणांच्या अभ्यासात दिसले की किडनीचे काम नॉर्मल असूनही नुसता आजार असेल, तर वेळेआधी बाळंतपण आणि सिझेरियन यांचे प्रमाण निरोगी स्त्रियांपेक्षा जास्तच असते. म्हणून गावातल्या नर्सिंग होममध्ये नाव घालताना आपला किडनीचा आजार सांगायचा. याची दोन कारणे तर अगदी हाताशी आहेत. प्री-एक्लॅम्प्सिया वाढून झटके (एक्लॅम्प्सिया) येऊ नयेत म्हणून देतात ते मॅग्नेशियम सल्फेट किडनीवाटेच बाहेर पडते. किडनी कमजोर असेल तर ते साठून श्वास थांबू शकतो, म्हणून डोस कमी करावा लागतो. आणि सिझेरियननंतर वेदना थांबवायला सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक किडनीच्या रुग्णाला द्यायचे नसते. डिस्चार्ज कार्डावर ते नाव सवयीने उमटते.

डायलिसिसवरचे गरोदरपण ही गेल्या अर्धशतकाची गोष्ट. पहिले यशस्वी उदाहरण इटलीतून १९७१ मध्ये नोंदले गेले. त्यानंतर कित्येक वर्षे अशी बाळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. चित्र पालटले ते कॅनडातल्या टोरांटोत. तिथे रुग्ण रात्रभर घरी झोपेत डायलिसिस घेत, आठवड्यातल्या बहुतेक रात्री. त्यांच्यातल्या काहींना दिवस राहिले आणि बाळे नीट जन्मली. २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची तुलना अमेरिकेतल्या नोंदींशी केली: टोरांटोत आठवड्याला सरासरी ४३ तास डायलिसिस आणि ८६ टक्के जिवंत जन्म, अमेरिकेत १७ तास आणि ६१ टक्के. वीस तासांपर्यंत डायलिसिस असेल तर ४८ टक्के, छत्तीस तासांच्या वर ८५ टक्के. एखाद्या उपचाराचा इतका सरळ चढता हिशेब वैद्यकात क्वचित सापडतो.

कारणही समजण्याजोगे आहे. आईच्या रक्तातला युरिया वारेतून बाळाकडे जातो. बाळाची किडनी चांगली असते. ती तो युरिया पाण्यासकट लघवीतून बाहेर टाकते, आणि ती लघवी म्हणजेच गर्भजल. आईचा युरिया जितका जास्त, तितके गर्भजल जास्त, पिशवी तितकी ताणलेली, आणि कळा वेळेआधी. डायलिसिस वाढवून युरिया खाली ठेवला की ही साखळी तुटते.

खुर्चीपाशी मात्र रोजचा प्रश्न वेगळाच असतो. डायलिसिसच्या रुग्णाचे एक ‘ड्राय वेट’ ठरलेले असते. दर वेळी काट्यावर उभे करून वजन घेतात आणि जितके वाढले तितके पाणी काढतात. गरोदर बाईचे वजन वाढायलाच हवे. मग या आठवड्यात वाढलेला अर्धा किलो बाळाचा की पाण्याचा? जास्त पाणी काढले तर बीपी पडून वारेचा रक्तपुरवठा घटतो, कमी काढले तर बीपी चढते. टेक्निशियन, डॉक्टर आणि सोनोग्राफीवाले दर आठवड्याला नवा अंदाज बांधतात. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचा डोस दुपटीपर्यंत वाढवावा लागतो. आणि शहाळे! गरोदर बाईला आपल्याकडे सगळे शहाळे पाजायला निघतात, किडनीच्या रुग्णाला पोटॅशियममुळे तेच वर्ज्य. गंमत अशी की डायलिसिस रोज आणि भरपूर होत असेल तर पथ्य सैल होते; मग पोटॅशियम कमी पडू नये हे पाहावे लागते. पण हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे, शेजारणीने नव्हे.

महाराष्ट्रात याचा अर्थ काय? २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळते, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही ते बसते. ही मोठी सोय आहे, हे नाकारू नये. पण आठवड्याला दोनदा किंवा तीनदा, चार-चार तास, म्हणजे आठ ते बारा तास, हा आपला रिवाज. छत्तीस तास म्हणजे त्याच्या किमान तिप्पट. शिफ्टमध्ये चालणाऱ्या केंद्रात एका बाईसाठी रोज सहा तास मशीन मोकळे मिळणे, तालुक्याच्या गावाहून तिने रोज यायचे, सोबत कुणीतरी यायचे, त्याचा रोज बुडायचा. हे गणित बसत नाही. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत अशी बाळंतपणे झाली आहेत. तरीही डायलिसिसवरच्या बहुतेक मराठी बायकांना प्रामाणिक सल्ला हाच राहील: आधी किडनी बदला, मग मुलाचे पाहू. आणि तोवर गर्भनिरोधक वापरा. बीपी किंवा ल्युपस असताना नेहमीच्या मिश्र हार्मोनच्या गोळ्या टाळतात. तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉन असलेली साधने चालतात.

किडनी बदलल्यावर दिवस राहतात, हे १९५८ पासून माहीत आहे. जगातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूने डिसेंबर १९५४ मध्ये केले, जुळ्या भावांत. १९५६ मध्ये एडिथ हेल्म या तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीची किडनी मिळाली, आणि दोनच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, तिला मुलगा झाला. ती पुढे २०११ पर्यंत जगली. जुळ्या बहिणीची किडनी असल्यामुळे तिला नाकार रोखणारी औषधे लागत नव्हती. आजच्या रुग्णांना ती लागतात, तरीही निकाल चांगले आहेत. २०११ मध्ये जगभरच्या अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात प्रत्यारोपणानंतरच्या गरोदरपणांपैकी ७३ टक्क्यांहून जास्त जिवंत जन्मात संपली. प्री-एक्लॅम्प्सिया २७ टक्क्यांत, वेळेआधी बाळंतपण सुमारे ४६ टक्क्यांत; बाळाचे सरासरी वजन २ किलो ४२० ग्रॅम.

प्रत्यारोपणानंतर महिना-दोन महिन्यांतच बीज सुटू लागू शकते, आणि इथेच गफलत होते. साधारण एक वर्ष थांबा, असा सल्ला आहे. तोवर किडनी स्थिरावते, औषधांचे डोस कमी होतात, संसर्गाचा धोका घटतो. क्रिएटिनिन दीडच्या खाली, लघवीत प्रथिने नाहीत किंवा नगण्य, बीपी आटोक्यात, मायकोफिनोलेट बदललेले, एवढे जमले की पुढे जायला हरकत नसते. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवलेली असते. ती बाळाची वाट अडवत नाही, त्यामुळे निव्वळ तिच्यासाठी सिझेरियनची गरज नाही. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी गरोदरपणात उतरते, डोस वाढवावा लागतो. अंगावर पाजताही येते. आयव्हीएफसारखे उपचार करून मूल हवे असेल, तर एका वेळी एकच गर्भ सोडावा. जुळ्याचा भार या किडनीवर नको.

प्रश्न उरतो किडनी मिळण्याचा. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी साडेएकोणतीस हजारांहून जास्त पुरुषांना झाली, सात हजारांहून कमी स्त्रियांना. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र पाचांतल्या चार बायकाच. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते, बहीण भावाला देते. उलट वेळ आली की ‘तो कमावता आहे’ हे उत्तर तयार असते. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने प्रतीक्षायादीत स्त्री रुग्णांना प्राधान्य द्यावे अशी सूचना काढली. ती मेंदूमृत दात्यांच्या अवयवांपुरती. घरातल्या घरात चालणारा न्याय परिपत्रकाने बदलत नाही. आणि देणारी तरुण असेल, तर तिलाही एक गोष्ट आधी सांगायला हवी. कॅनडातल्या २०१५ च्या अभ्यासात किडनीदान केलेल्या स्त्रियांना पुढच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा किंवा प्री-एक्लॅम्प्सियाचा त्रास ११ टक्क्यांत झाला, तशाच निरोगी पण दान न केलेल्या स्त्रियांत ५ टक्क्यांत. बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप झाली, तरी धोका दुप्पट. मूल व्हायचे असलेल्या सुनेला संमतिपत्रावर सही करायला बसवताना हा आकडा कोण सांगतो?

काहींना गरोदरपण झेपणारच नसते. २०२१ च्या कायद्यानुसार सरोगसीत पैशाचा व्यवहार चालत नाही, पण गरोदरपण जिवावर बेतणारे असेल तर तो मार्ग खुला आहे. दत्तकाच्या नियमांत पालकांना जिवावर बेतणारा आजार नसावा अशी अट आहे. प्रत्यारोपण होऊन ठणठणीत असलेल्या बाईला त्या अटीशी झगडावे लागू शकते. आनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनीच्या कुटुंबात प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी. गर्भ रुजवण्याआधी त्याची जनुकीय तपासणी शक्य आहे, खर्च मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा.

आतापर्यंत आजारी किडनीचे गरोदरपण पाहिले. उलटा प्रवासही आहे, आणि आपल्या देशात तो फार जुना. असुरक्षित गर्भपातानंतर जंतुसंसर्ग, बाळंतपणात अतोनात रक्तस्राव, वार वेळेआधी सुटणे, एक्लॅम्प्सिया, यांनी धडधाकट तरुण बायकांच्या किडन्या काही तासांत बंद पडत. किडनीचा बाहेरचा थर मरून जाण्याचा प्रकार पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ झाला तरी चंदीगड आणि वाराणसीच्या डॉक्टरांना तो वारंवार दिसत राहिला, त्यांनी दशकानुदशके त्याच्या नोंदी ठेवल्या. त्याच नोंदी सांगतात की हे प्रमाण हळूहळू उतरत गेले. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांनी किती किडन्या वाचवल्या, हे श्रेय त्या कायद्याच्या खात्यावर सहसा मांडले जात नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली.

बाळाचेही पाहायला हवे. किडनीतल्या गाळण्या, नेफ्रॉन, आईच्या पोटातच तयार होतात. छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास ते काम थांबते. नंतर आयुष्यभरात एकही नवी होत नाही. वेळेआधी, कमी वजनाचे जन्मलेले मूल कमी गाळण्या घेऊन येते, आणि मोठेपणी त्याला बीपी व किडनीविकार होण्याची शक्यता वाढते, ही मांडणी १९८८ मध्ये ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी केली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला आहे, तो मधुमेहाच्या अंगाने हेच सांगतो की पोटातले नऊ महिने पुढच्या साठ वर्षांचे दुखणे ठरवू शकतात.

शेवटी त्या बायकांविषयी, ज्यांना आपल्याला किडनीचा काही त्रास आहे असे मुळीच वाटत नाही. नॉर्वेतल्या २००८ च्या अभ्यासात पहिल्या बाळंतपणात प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांची किडनी पुढे निकामी होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ पाचपट आढळला. प्रत्यक्षात अशी वेळ येणाऱ्या थोड्याच, पण कोण ते आधी कळत नाही. आपल्याकडे बाळंतपणात बीपी चढले, पायांना सूज आली, अल्ब्युमिन गेले, की ‘बाळ झालं, उतरलं’ म्हणून फाइल माळ्यावर जाते. बाळाच्या लसीच्या तारखा तोंडपाठ, आईची पुढची तपासणी कुणाच्या गावी नाही. तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या बाळंतपणात असे झाले असेल, तर बाळंतपणाला कितीही वर्षे लोटली असली तरी तीन तपासण्या करून घ्या: बीपी, रक्तातले क्रिएटिनिन आणि सकाळच्या लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण. पुढे दरवर्षी करा. आणि क्रिएटिनिनचा आकडा वाचताना रिपोर्टवरच्या ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबू नका. आपल्या वयाला आणि बाई म्हणून तो किती भरतो, हे डॉक्टरांना विचारा.